पाळणाघराची निवड : आधी अपेक्षा लिहा, मग पाहा, पैसे शेवटी भरा

पाळणाघर शोधणारे बहुतेक पालक कामाचा क्रम उलटा लावतात. कुणाकडून तरी घराजवळचे एखादे नाव कळते, एका धावत्या भेटीत रंगीत भिंती आणि खेळणी पाहून आगाऊ रक्कम भरली जाते, आणि मूल तिथे रुळू लागल्यावर दोन महिन्यांनी ‘इथे नेमके शिकवतात तरी काय?’ हा प्रश्न घरात निघतो. तोवर आईची रजा संपलेली असते, अनामत रक्कम अडकलेली असते आणि मुलाला पुन्हा नव्या जागी नेण्याची कुणाचीच तयारी नसते. पुढील टप्पे एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या, नागपुरात राहणाऱ्या पालकांसाठी आहेत. क्रम महत्त्वाचा असल्यामुळे मधला टप्पा गाळून पुढे जाऊ नये.

सुरुवात किमान तीन महिने आधी करावी. विदर्भातील शाळा साधारणतः जूनच्या अखेरीस उघडतात आणि प्रवेशाची गर्दी त्याच सुमारास होते. त्यामुळे जुलैमध्ये मूल ठेवायचे असेल, तर शोध मार्चअखेर सुरू झालेला बरा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी : उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळकरी मुलेही दिवसभर डे-केअरमध्ये असतात. मे महिन्यात दिसणारी गर्दी आणि गोंगाट जुलैत असेलच असे नाही; उलट फेब्रुवारीत शांत दिसलेली जागा मे महिन्यात गजबजून जाते. शक्य असल्यास दोन्ही काळ पाहावेत.

## टप्पा १ : घरात बसून अपेक्षा लिहून काढा

आई, बाबा आणि घरात असतील तर आजी-आजोबा, या प्रत्येकाने स्वतंत्र कागदावर ‘मुलाला तिथे काय मिळाले पाहिजे’ हे लिहावे. एकत्र बसून लिहू नये, कारण मग घरातील मोठ्या आवाजाच्या माणसाची यादी सर्वांची यादी होते. कागद शेजारी ठेवले की बहुधा असे दिसते की आजीला गरम जेवण आणि दुपारची झोप हवी आहे, बाबांना इंग्रजी आणि कॅमेरे हवे आहेत, आणि आईला एक विश्वासाची बाई हवी आहे जी मूल रडले तर त्याला उचलून घेईल. या तिन्ही अपेक्षा रास्त आहेत, पण एकाच ठिकाणी सारख्या प्रमाणात पुऱ्या होण्याची शक्यता कमी असते. म्हणून दोन रकाने करावेत : ‘नसेल तर चालणारच नाही’ आणि ‘असेल तर बरे’. पहिल्या रकान्यात पाचांपेक्षा जास्त मुद्दे झाले, तर यादी पुन्हा तपासावी.

यानंतरचे काम अवघड आहे आणि तेच बहुतेकांकडून राहून जाते. यादीतील मोघम शब्द डोळ्यांना दिसेल अशा गोष्टीत बदलावेत. ‘शिस्त लागावी’ या अपेक्षेचा अर्थ दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ‘जेवणाआधी हात धुवावेत आणि चप्पल ठरलेल्या जागी ठेवावी’ इतकाच असू शकतो. ‘बोलायला शिकावे’ म्हणजे मोठ्या माणसाने दिवसभर त्याच्याशी बोलावे, त्याचे उत्तर येईपर्यंत थांबावे, रोज एखादी गोष्ट सांगावी. ‘शाळेची तयारी व्हावी’ म्हणजे आईशिवाय काही तास राहता यावे, लघवीला जायचे आहे हे सांगता यावे, डबा स्वतः उघडून खाता यावा, आपली पाळी येईपर्यंत थांबता यावे. अशा रूपात लिहिलेली अपेक्षा भेटीच्या वेळी तपासता येते. ‘सर्वांगीण विकास’ तपासता येत नाही, तो माहितीपत्रकात छापता येतो.

लेखनाविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण पालक आणि चालक यांच्यातील सर्वाधिक घोळ इथेच होतो. अडीच-तीन वर्षांच्या मुलाने ‘ए बी सी डी’ किंवा ‘अ आ इ’ गिरवून आणले की पैसे वसूल झाल्यासारखे वाटते, आणि पालकांना तसे वाटते म्हणून अनेक ठिकाणी मुलाचा हात धरून वह्या भरून घेतल्या जातात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ वर्षे हा सलग पायाभूत टप्पा मानला आहे, आणि २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानुसार ३ ते ६ वयोगटातील मुलांसाठी पाठ्यपुस्तके नेमायची नाहीत. शिकणे खेळातून, गोष्टींतून, गाण्यांतून आणि हाताने करण्याच्या कामांतून व्हावे, असे अपेक्षित आहे. पहिलीच्या प्रवेशाला वयाची सहा वर्षे पूर्ण लागतात. म्हणजे तीन वर्षांच्या मुलापुढे पहिलीपर्यंत आणखी तीन वर्षे आहेत. या वयात बोटांची आणि मनगटाची पकड अजून तयार होत असते. कणकेचे गोळे वळणे, कागद फाडून चिकटवणे, मोठे मणी ओवणे, वाटाणे सोलणे, पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणे ही कामे त्या पकडीची तयारी करतात. यादीत ‘लिहिता यावे’ असे असेल, तर ते खोडून ‘हाताची कामे रोज मिळावीत’ असे लिहावे.

दीड वर्षाच्या बाळासाठी ‘अभ्यासक्रम कोणता?’ हा प्रश्नच विचारू नये. त्या वयात सांभाळणारी बाई कशी आहे, हाच अभ्यासक्रम.

तपासणी : यादीतील प्रत्येक मुद्दा वाचून ‘हे मला तासाभराच्या भेटीत दिसू शकेल का?’ असे विचारावे. उत्तर नाही आले, तर तो मुद्दा पुन्हा लिहावा.

## टप्पा २ : अंतर, वेळ आणि पर्याय

घराजवळ की कामाजवळ, हा निर्णय ‘वीस मिनिटांत मुलापर्यंत कोण पोहोचू शकेल?’ या एका प्रश्नावर घ्यावा. आई मिहानमध्ये आणि बाबा हिंगणा एमआयडीसीत असतील, आजी मात्र मानेवाड्याला घरी असतील, तर मानेवाड्याजवळचे पाळणाघर योग्य. दोघेही बुटीबोरीकडे जात असतील आणि घरी कुणी नसेल, तर वर्धा रोडच्या बाजूचे ठिकाण पाहावे. मात्र बाळाचा रोजचा प्रवास मे महिन्याच्या दुपारी कसा होणार, याचा विचार करूनच. दुपारी दोन वाजता दुचाकीवरून दीड वर्षाचे मूल आणणे हा पर्याय नागपुरात धरूच नये.

पर्यायांची चौकशीही याच टप्प्यात उरकावी. ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटू द्यावे, अशी तरतूद प्रसूती लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने आली. आपल्या कार्यालयात ती सोय आहे का, हे लेखी विचारावे. अंगणवाडीत ३ ते ६ वर्षांच्या मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण आणि आहार मोफत मिळतो, पण ती काही तासच चालते. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत काही अंगणवाड्यांना जोडून ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवण्याची तरतूद आहे. आपल्या वस्तीत तशी सोय आहे का, हे अंगणवाडी सेविकेला विचारावे.

## टप्पा ३ : दूरध्वनीवर मोजके प्रश्न

चार-पाच ठिकाणी दूरध्वनी करून दोन-तीनच भेटीसाठी निवडावीत. शुल्क शेवटी विचारावे. आधी हे विचारावे : माझ्या मुलाच्या वयाची किती मुले आहेत, ती मोठ्या मुलांपासून वेगळी असतात का, त्यांच्यासोबत दिवसभर कोण असते आणि ती व्यक्ती तिथे किती काळापासून आहे. सांभाळणाऱ्या मावशी दर दोन-तीन महिन्यांनी बदलत असतील, तर बाकी सोयी कितीही उत्तम असल्या तरी लहान बाळासाठी ते ठिकाण बाद समजावे.

मग विचारावे, ‘मी दुपारी साडेबारा वाजता, जेवणाच्या वेळी येऊन पाहिले तर चालेल का?’ मुलांची झोपेची वेळ टाळण्याची विनंती योग्यच आहे. पण ‘पालकांना आत येता येत नाही, कार्यालयातूनच माहिती मिळेल’ असे उत्तर आले, तर यादीतील ते नाव तिथेच खोडावे.

## टप्पा ४ : प्रत्यक्ष भेट

भेटी दोन कराव्यात. पहिली सकाळी साडेदहाच्या सुमारास, वेळ ठरवून. दुसरी संध्याकाळी मुलांना नेण्याच्या वेळी किंवा जेवणाच्या वेळी. पहिल्या भेटीत चालक दाखवतील ते दिसते, दुसऱ्या भेटीत दिवस कसा गेला ते दिसते. दोन्ही वेळा किमान अर्धा तास एका जागी बसावे आणि बोलणे कमी ठेवावे. मूल शक्यतो पहिल्या भेटीत सोबत नेऊ नये, कारण मग सगळे लक्ष त्याच्यावरच राहते.

बोलणे ऐका. मावशी आणि ताई मुलांशी काय बोलतात, यावर भेटीचा अर्धा वेळ घालवावा. ‘चूप बस’, ‘हात लावू नको’, ‘इकडे ये’ एवढेच दिवसभर कानावर पडत असेल, तर मुलाची भाषा तिथे वाढणार नाही. ‘हे काय आणलंस? कुठे सापडलं?’ असे विचारून मुलाच्या उत्तरासाठी थांबणारी व्यक्ती दिसली, तर भिंतीचा रंग उडालेला असला तरी ते ठिकाण यादीत ठेवावे. नागपुरात मूल मराठी आणि हिंदी दोन्ही ऐकत मोठे होते आणि त्यात काही वावगे नाही. अडचण तेव्हा होते जेव्हा पालकांना खूश करण्यासाठी ‘सिट डाऊन’, ‘कम हिअर’ एवढ्या चार-दोन हुकमांपुरती इंग्रजी वापरली जाते आणि खऱ्या गप्पा कोणत्याच भाषेत होत नाहीत. मुलाच्या घरच्या भाषेत भरपूर बोलणे व्हावे, हीच अपेक्षा पक्की धरावी. इंग्रजी गाणी त्यात भर घालतील.

रडणारे मूल पाहा. अर्ध्या तासात कुणी ना कुणी रडतेच. त्याच्याकडे किती वेळात कोण जाते, त्याला उचलते की हातात मोबाइल देते, हे पाहावे.

माणसे मोजा. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या खासगी प्ले स्कूलसाठीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ३ ते ६ वयोगटातील २० मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस असे प्रमाण दिले आहे. तीन वर्षांखालील मुलांना याहून बरीच जास्त माणसे लागतात. मोजताना स्वयंपाक करणारी आणि दारावर बसणारी व्यक्ती धरू नये. डब्याच्या वेळी बारा बाळांना दोन बायका भरवत असतील, तर प्रत्येक घासाला किती वेळ मिळतो याचा हिशेब मनात करून पाहावा.

भिंतीवरची चित्रे वाचा. सर्व मुलांचे गणपती एकाच आकाराचे, रेषेबाहेर रंग न गेलेले असतील, तर ते मोठ्यांनी केलेले आहेत. हीच कसोटी सणांना लावता येते. तान्ह्या पोळ्याला मुलांनी लाकडी बैल स्वतः रंगवले, त्यांच्या गळ्यात वेड्यावाकड्या माळा घातल्या आणि गाणे म्हटले, की धोतर-फेटा नेसवून फोटोपुरते उभे केले? हा प्रश्न सहज गप्पांत विचारावा. उत्तरातून दिनक्रमाची बरीच कल्पना येते.

पडदा कुठे आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवू नये, आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांचा असा बैठा वेळ दिवसभरात एका तासापेक्षा जास्त नसावा. हा एक तास घरीच संपतो. त्यामुळे ‘शैक्षणिक व्हिडिओ दाखवतो’ हे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जात असेल, तर त्याची वेळ विचारून घ्यावी. जेवताना टीव्ही लावलेला असेल, तर पुढे विचारण्यासारखे फार उरत नाही.

उन्हाळ्याची व्यवस्था तपासा. या शहरात हा मुद्दा अभ्यासक्रमाच्या आधी येतो. पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या दिवसांत मुले कुठल्या खोलीत असतात, ती वरच्या मजल्यावर पत्र्याखाली किंवा थेट गच्चीखाली आहे का, वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर काय चालते, हे पाहावे. कूलर लोखंडी असेल, तर तो मुलांच्या हाताला येता कामा नये. पाणी भरताना किंवा ओल्या हाताने स्पर्श झाल्यास विजेचा धक्का बसण्याचा धोका असतो. तो खिडकीबाहेर बसवलेला असावा, त्याला अर्थिंग असावे, आणि पाणी मुले खोलीत नसताना व बटण बंद करूनच भरले जावे. पावसाळा सुरू झाल्यावर टाकीत पाणी साचून राहिले, तर त्यात डेंग्यूचे डास वाढतात. टाकी कधी रिकामी करतात, हे विचारावे. मैदानावरचा खेळ मे महिन्यात सकाळी लवकरच उरकला जातो का, हेही पाहावे.

स्वयंपाकघर, स्वच्छतागृह आणि फाटकाची कडी हे तीन मुद्दे पाच मिनिटांत पाहून होतात. कडी मुलाच्या हाताला न येणारी असावी. स्वच्छतागृहात मुलाच्या उंचीचा नळ असावा. खाऊमध्ये अख्खे शेंगदाणे, फुटाणे किंवा न चिरलेली द्राक्षे चार वर्षांखालील मुलांना देत असतील, तर ती घशात अडकण्याची भीती असते. तसे स्पष्ट सांगावे आणि काय उत्तर येते ते ऐकावे.

सावधान : कॅमेरे आहेत म्हणून देखरेख आहे, असे समजू नये. कॅमेरा घडून गेलेले दाखवतो, आणि कार्यालयात बसून दिवसभर ते चित्र पाहणारे पालक फार नसतात. कॅमेऱ्याचे चित्रण कोण पाहू शकते आणि ते किती दिवस साठवले जाते, हे मात्र विचारावे, कारण त्यात इतरांचीही मुले असतात.

## टप्पा ५ : पैसे भरण्याआधीची लेखी कामे

भेटीच्या दिवशी पैसे भरू नयेत. ‘एकच जागा उरली आहे’ असे सांगितले गेले तरी एक रात्र मध्ये जाऊ द्यावी आणि टप्पा १ मधली यादी समोर ठेवून पाहिलेली ठिकाणे ताडून पाहावीत.

प्रवेश अर्जासोबत पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात : मासिक शुल्क आणि त्यात जेवण धरले आहे की नाही, उशीर झाल्यास जादा आकार, मूल आजारी असताना किंवा दिवाळीच्या सुट्टीत शुल्क लागते का, अनामत किती आणि सोडताना किती दिवस आधी कळवल्यास ती परत मिळते. मुलाला नेण्यासाठी कोण येऊ शकेल, त्या व्यक्तींची नावे व छायाचित्रे आपण द्यावीत, आणि ‘काकांनी फोन केला म्हणून पाठवले’ असे कधीही होणार नाही याची हमी घ्यावी. कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का, हे विचारताना संकोच करू नये. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर मुलाचे फोटो टाकावेत की नाही, हेही आधीच लिहून द्यावे.

औषध चिठ्ठीशिवाय देऊ नये, असे स्वतःहून सांगणारे आणि लसीकरणाचे कार्ड मागणारे पाळणाघर चोख समजावे.

काढून ठेवलेले आईचे दूध द्यायचे असेल, तर फ्रीज चालू स्थितीत पाहून घ्यावा. ते दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकते. नागपूरच्या उन्हाळ्यात साध्या खोलीत तेवढेही धरता येत नाही. म्हणून ते बर्फाच्या डब्यातून न्यावे, पोहोचताच फ्रीजमध्ये ठेवावे आणि बाटलीवर तारीख-वेळ लिहावी.

## टप्पा ६ : रुळवण्याचे दोन आठवडे

सर्वांत मोठी चूक म्हणजे आईच्या कामाचा पहिला दिवस आणि मुलाचा पाळणाघरातला पहिला दिवस एकच ठेवणे. दोन्हींत किमान दोन आठवड्यांचे अंतर असावे. आई-बाबांपासून दूर होण्याची भीती साधारण आठ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान तीव्र असते. या वयाच्या बाळासाठी तीन आठवडे धरावेत.

पहिले दोन-तीन दिवस पालकाने तासभर सोबत बसावे आणि मावशींनी मुलाशी ओळख करावी. नंतर पंधरा-वीस मिनिटांसाठी बाहेर जाऊन परत यावे. मग जेवणापर्यंत ठेवावे, आणि ते जमल्यावर झोपेपर्यंत. झोप शेवटी ठेवण्याचे कारण असे की अनोळखी जागी जेवण लवकर जमते, झोप जमत नाही. घरची चादर किंवा नेहमीची गोधडी सोबत द्यावी. आजारपणाने मध्ये खंड पडला, तर दोन पायऱ्या मागे जाऊन पुन्हा सुरुवात करावी.

सावधान : मूल खेळण्यात गुंतले असताना गुपचूप निघून जाऊ नये. ‘मी ऑफिसला जाते, तुझी झोप झाली की येते’ असे सांगून, रडले तरी निघावे आणि सांगितलेल्या वेळी यावे. घड्याळातील वेळ मुलाला कळत नाही, ‘झोपेनंतर’ कळते. आजींना हे पटवणे कठीण जाते, कारण रडणारे मूल सोडून निघणे त्यांना निर्दयपणाचे वाटते. म्हणून पहिल्या आठवड्यात सोडायला कोण जाणार, हे घरात आधीच ठरवावे.

तपासणी : पालक गेल्यावर मूल किती वेळात शांत होते, हे रोज विचारावे. वेळ कमी होत असेल, तर रडणे असूनही काम योग्य मार्गावर आहे. सोमवारी आणि सुट्टीनंतर ते पुन्हा वाढेल. त्यावरून निष्कर्ष काढू नये.

## टप्पा ७ : पहिले तीन महिने

संध्याकाळी ‘आज काय शिकलास?’ असे विचारल्यास मूल गप्प बसते आणि पालक निराश होतात. त्याऐवजी ‘आज कोणाजवळ बसलास?’, ‘डब्यातलं काय कुणाला दिलंस?’, ‘कोण पडलं आज?’ असे विचारावे. ताईंना आठवड्यातून एकदा, नेण्याच्या घाईची वेळ टाळून, विचारावे की मूल सध्या कशात रमते. ‘छान आहे, काही त्रास नाही’ एवढेच उत्तर वारंवार मिळाले, तर तिथे त्याच्याकडे कुणी बारकाईने पाहत नाही, असा अर्थ घ्यावा. वहीतल्या पानांची मागणी मात्र करू नये. पालकांच्या अशा मागणीमुळेच बरी चाललेली पाळणाघरे गिरवण्याच्या वह्या आणतात.

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस टप्पा १ ची यादी पुन्हा काढावी आणि पहिल्या रकान्यातील प्रत्येक मुद्द्यासमोर हो किंवा नाही लिहावे. दोन ‘नाही’ आले, तर चालकांशी बोलून महिनाभर वाट पाहावी. कारण न सांगता येणारे वळ किंवा जखमा, एका विशिष्ट व्यक्तीचे नाव काढताच दिसणारी भीती, कपडे बदलताना नव्याने सुरू झालेला विरोध किंवा रोज भुकेले घरी येणे यांपैकी काहीही दिसले, तर वाट पाहू नये. मूल त्याच दिवशी घरी ठेवावे, डॉक्टरांना दाखवावे, आणि अत्याचाराची शंका असल्यास १०९८ या बालकांसाठीच्या मदतवाहिनीवर किंवा पोलिसांकडे कळवावे. अनामत रकमेचा विषय त्यानंतर काढता येतो.